कानसेन: १० किलोहर्ट्झपासून पुढे

रेडिओच्या नादी लागलेल्या माणसांत दोन पोटजाती आहेत. एक बोलणाऱ्यांची, दुसरी ऐकणाऱ्यांची. बोलणाऱ्यांना हॅम म्हणतात. ते परीक्षा देतात, सरकारकडून परवाना मिळवतात, स्वतःचं कॉलसाइन घेतात आणि मग उरलेलं आयुष्य सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाला ‘तुमचा आवाज इथे छान येतोय’ एवढंच सांगण्यात घालवतात. तोही ‘तुमचाही छान येतोय’ म्हणतो. इथे संभाषण संपतं. दोघंही कृतार्थ होतात.

ऐकणाऱ्यांची तऱ्हा याच्याही पुढची. त्यांना कुणाला काही सांगायचंच नसतं. अडीच हजार डॉलरच्या आसपास रक्कम मोजून ते एक यंत्र घरी आणतात. या यंत्रातून एक अवाक्षरही बाहेर पाठवता येत नाही. ते टेबलावर मांडायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि दार ओढून घ्यायचं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्याच्या टाकीवरूनसुद्धा प्रत्येकाला चार परिच्छेद लिहायचे असतात, अशा या काळात नुसतं ऐकण्यासाठी दोन लाखांवर रुपये घालणारा माणूस पाहिला की त्याला नमस्कार करावा की त्याच्या घरच्यांना भेटून यावं, तेच समजत नाही. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं, असं आपल्याकडे म्हणतात. या मंडळींनी तो सल्ला जरा जास्तच मनावर घेतलाय.

यंत्राचं नाव वाइडबँड कम्युनिकेशन्स रिसीव्हर. पूर्वी आपल्या घरोघरी जो रेडिओ असे, त्याला मीडियम वेव्ह आणि फार तर दोन-तीन शॉर्टवेव्ह असत. पुढे एफएम आलं. म्हणजे लहरींच्या अफाट पसाऱ्यातले चार-दोन तुकडे. हा रिसीव्हर अख्खा पसाराच कवेत घेतो. जपानमधल्या ओसाकाच्या आयकॉम कंपनीचा आयसी-आर८६०० हा सध्याचा मानकरी. हा १० किलोहर्ट्झपासून ३००० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो. एएम, एफएम, साइडबँड, मोर्स, शिवाय वॉकीटॉकीवाल्यांच्या आजकालच्या पाच-सहा डिजिटल बोली त्याला समजतात. पुढे एक भलं मोठं गुळगुळीत फिरणारं चाक, २००० जागा लक्षात ठेवायची सोय आणि ४.३ इंची रंगीत पडदा. पडद्यावर वरून खाली एक निळंपिवळं चित्र ओघळत असतं, त्याला वॉटरफॉल म्हणतात. हवेत कुठेही कुणी तोंड उघडलं की तिथे एक रेघ उमटते. म्हणजे ऐकू येण्याआधीच दिसतं. पूर्वी हे लोक तासन् तास ऐकत बसायचे, आता तासन् तास बघत बसतात. प्रगती याहून वेगळी काय असते?

त्या २००० जागांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. यंत्र घेतल्यापासून महिन्याभरात त्या भरायला लागतात. बंदरं, विमानतळ, हवामान केंद्रं, उपग्रह, कुठल्याशा बेटावरचं दीपगृह. मग स्कॅनचं बटण दाबायचं आणि यंत्र एकामागून एक सगळीकडे डोकावून येतं. बहुतेक जागी कुणीच बोलत नसतं. यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. मालक समाधानानं मान डोलावतो. ‘सगळीकडे शांत आहे,’ तो म्हणतो. जणू काही त्याच्यावरच जगाची रात्रपाळी सोपवली आहे.

आमचा एक मित्र इंग्लंडात रेडिंगजवळ राहतो. मूळचा डोंबिवलीचा. त्यामुळे गोंगाटातून नेमका हवा तो आवाज वेगळा काढायचं शिक्षण लहानपणीच झालेलं. रेडिंगला या बाबतीत परंपराही आहे. जगभरची रेडिओ केंद्रं ऐकणारा बीबीसीचा विभाग, बीबीसी मॉनिटरिंग, १९४३ पासून २०१८ पर्यंत तिथल्याच कॅव्हरशम पार्कच्या टोलेजंग वाड्यात होता. १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगात क्षेपणास्त्रं परत घेत असल्याचं सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांनी मॉस्को रेडिओवरून जाहीर केलं, ते इथल्याच लोकांनी टिपून पुढे कळवलं. ती माणसं पगार घेऊन ऐकत होती. आमचा मित्र तेच पदरचे पैसे घालून करतो.

याच्या घराच्या छपरावर डिस्कोन नावाची अँटेना आहे. कापड उडून नुसत्या काड्या उरलेली छत्री डोळ्यांसमोर आणा, म्हणजे डिस्कोन कळली. शेजारच्या आजोबांनी इंग्रजी सभ्यतेला जागून बरेच दिवस काही विचारलं नाही. मग एका रविवारी कुंपणावरून म्हणाले, “काम पूर्ण कधी होणार?” छत्री वरच्या लहरींसाठी. खालच्या लहरींसाठी खिडकीतून निघून परसातल्या सफरचंदाच्या झाडापर्यंत गेलेली एक लांब तार आहे. वहिनींनी त्या तारेवर एकदा पंचा वाळत घातला, तेव्हा सिग्नल दोन एस-युनिटांनी पडला, असं मित्राचं म्हणणं. पंचा वाळला का, हे त्यानं सांगितलं नाही.

घरात घड्याळं दोन. एक इंग्लंडची वेळ दाखवतं, दुसरं यूटीसी. या लोकांची सगळी नोंदवही यूटीसीत असते, कारण लहरींना सीमा नसतात आणि उन्हाळी वेळही नसते. ऑगस्टमध्ये “आठ वाजता जेवायला ये” म्हटलं तर हा विचारतो, “कुठले आठ?” वहिनींनी आता त्यावर उपाय काढलाय. त्या पानं वाढून मोकळ्या होतात.

या छंदाचा शत्रू एकच, विजेवरची स्वस्त उपकरणं. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर. जिथे जिथे छोटंसं स्विचिंग सर्किट आहे, तिथून बारीक खरखर हवेत सुटते. आपल्याला ती जाणवत नाही. दहा हजार किलोमीटरवरून आलेला मरतुकडा सिग्नल शोधणाऱ्याला मात्र तीच तेवढी जाणवते. एके रात्री मित्राच्या पडद्यावर ३ ते १० मेगाहर्ट्झचा पट्टा पिवळाधमक झाला. त्यानं रिसीव्हर बॅटरीवर लावला आणि घराचा मेन स्विच पाडला. खरखर गेली. म्हणजे चोर घरातलाच. मग एकेक सर्किट चालू करत, हातात लहानसा ट्रान्झिस्टर धरून तो अंधारात घरभर फिरला. फ्रिज निर्दोष. वॉशिंग मशीन निर्दोष. मुलीच्या खोलीतल्या लॅपटॉपवर थोडा संशय, पण पुरावा नाही. ट्रान्झिस्टर देवघरापाशी आला आणि किंचाळला. गणपतीभोवती सोडलेली दिव्यांची माळ, तिचा चिमुकला ॲडॉप्टर!

माळ काढ म्हणायची त्याची छाती झाली नाही. त्यानं फेराइटचं एक कडं आणलं, ॲडॉप्टरची वायर त्यातून सात वेळा फिरवली आणि वहिनींना सांगितलं, की बाप्पाची सुरक्षा वाढवली आहे. खरखर बरीच कमी झाली. वहिनींनी कड्याला हळदकुंकू लावलं.

आता चाक अगदी तळाला न्या. १७.२ किलोहर्ट्झ. स्वीडनमधल्या ग्रिमेटन गावी १९२४ सालचं एक प्रक्षेपण यंत्र आहे. गरगर फिरणाऱ्या एका अवजड चाकातून ते थेट रेडिओ लहरी काढतं. या ॲलेक्झांडरसन अल्टरनेटरला, म्हणजे त्याच्या अख्ख्या केंद्राला, युनेस्कोनं २००४ मध्ये जागतिक वारशात घेतलं. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी सकाळी ते सुरू करून मोर्समध्ये शुभेच्छांचा संदेश पाठवायची तिथे प्रथा आहे. त्या सकाळी युरोपभरचे ऐकणारे नाश्ता सोडून तळाच्या लहरींत कान घालून बसतात. ‘टिक्-टिक्’ पेक्षा फार काही येत नाही. पण जे येतं ते शंभर वर्षांच्या चाकातून आलेलं असतं. वहिनी म्हणतात, “या म्हाताऱ्यासाठी गजर लावून उठतोस. माझ्या आईचा फोन मात्र व्हॉइसमेलला जातो.”

थोडं वर, ३०० ते ५०० किलोहर्ट्झच्या आसपास, विमानांना दिशा दाखवणारे जुने बीकन आहेत. दोन-तीन अक्षरांचं आपलं नाव मोर्समध्ये रात्रंदिवस सांगत राहणं एवढंच त्यांचं काम. ही नावं जमवणारी माणसं आहेत. बीकन एकेक करून बंद होत चालले आहेत, त्यामुळे त्यांचा भाव वधारलाय. कुठल्यातरी ओसाड धावपट्टीवरचं एखादं नाव मध्यरात्री कानावर पडलं की हे लोक पेढे वाटायचेच बाकी असतात.

मग येते शॉर्टवेव्ह, म्हणजे या छंदाचं माहेर. इथल्या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावर आपटून परत खाली येतात, पुन्हा उसळतात, आणि उड्या मारत पृथ्वीला वळसा घालतात. रेडिंगच्या मित्राचं खास प्रेम व्होल्मेटवर आहे. व्होल्मेट म्हणजे उडत्या विमानांसाठी विमानतळांच्या हवामानाचं वाचन. मुंबईचं व्होल्मेट ६६७६ आणि ११३८७ किलोहर्ट्झवर असतं आणि याच लहरी कराची, बँकॉक, सिंगापूरही वाटून घेतात. प्रत्येकाची मिनिटं ठरलेली. सरकारं एकमेकांशी बोलोत न बोलोत, व्होल्मेटवर कुणी कुणाच्या पाळीत घुसत नाही.

हे ऐकायला साइडबँड लागतो, आणि साइडबँड हा नखरेल प्रकार आहे. चाक शंभर-दोनशे हर्ट्झनं चुकलं तरी बोलणारा नाकातून बोलतो. उलट बाजूला गेलं तर त्याचा आवाज घोगरा होतो. मित्र तेव्हा श्वास रोखतो, चाकावर एकच बोट ठेवतो आणि केसभर फिरवतो. आधी किनरा, मग गेंगाणा, मग थोडा सर्दी झालेला, आणि एका नेमक्या जागी तो आवाज एकदम माणसाच्या गळ्यात उतरतो. बाहेर जानेवारीचा पाऊस, दुपारी चारलाच अंधार, आणि कानात मुंबई: वाऱ्याची दिशा, वेग, दृश्यता, धुरकं, तापमान तीस, दवबिंदू.

“अरे, फोनवर बघ ना,” वहिनी म्हणतात. “तेच असेल.”

“फोनवर सगळ्यांनाच दिसतं,” तो म्हणतो.

यातच त्याचं सगळं तत्त्वज्ञान आलं. जे सगळ्यांना सहज मिळतं त्यात कानसेनाला रस नाही. माहिती हा त्याच्या लेखी दुय्यम भाग. ती आपल्यापर्यंत पोचायला नको होती आणि तरीही पोचली, ही खरी गोडी.

४६२५ किलोहर्ट्झवर रशियातून एक भोंगा वाजत असतो. मिनिटाला वीस-पंचवीस वेळा ‘बझ्’, ‘बझ्’. निदान १९८० च्या दशकापासून तो चालू आहे. ऐकणारे त्याला लाडानं बझर म्हणतात. अधूनमधून भोंगा थांबतो आणि एक रशियन आवाज काही नावं, काही आकडे वाचून दाखवतो. रशियन सैन्याचं काम असावं, असा बहुतेकांचा कयास. अर्थ कुणालाच लागत नाही. हा क्षण पकडण्यासाठी युरोपातले कैक लोक रेकॉर्डर लावून झोपतात.

“आज बोलला तो!” मित्र एका सकाळी स्वयंपाकघरात धावत आला.

“काय बोलला?”

“आकडे.”

“कसले?”

“ते माहीत असतं तर मजा काय!”

वहिनींनी पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरली आणि लिंबू मागितलं.

या लोकांचं कौतुक मोजायची पद्धतही उलटी. परदेशी केंद्र ऐकू आलं की त्याला अहवाल पाठवायचा. त्यात सिन्पो नावाचे पाच गुण द्यायचे: सिग्नलची ताकद, दुसऱ्यांची लुडबुड, खरखर, प्रसारणातला चढउतार आणि एकंदर दर्जा, प्रत्येकी पाचपैकी. केंद्र खूश होऊन क्यूएसएल नावाचं कार्ड पाठवतं, ‘होय, तुम्ही आम्हालाच ऐकलंत’ असं लिहिलेलं. आपली आकाशवाणीही अशी कार्डं पाठवत आली आहे. आता गंमत बघा. ५५५५५ म्हणजे सगळं लख्ख, स्वच्छ. असं कार्ड कुणी भिंतीवर लावत नाही. २५३२२ म्हणजे जेमतेम चार शब्द कळले, बाकी सगळी खरखर. त्याची फ्रेम होते. जितकं वाईट ऐकू येईल तितका मान मोठा. आमच्या शाळेत ही गुणपद्धत असती तर मी बोर्डात आलो असतो.

वर गेलं की लहरी सरळ जायला लागतात आणि भानगडीही वाकड्या व्हायला लागतात. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा विमानांचा पट्टा. इथे अजूनही एएमच वापरतात, कारण एफएमवर दोघं एकदम बोलले तर जोरकस बोलणारा दुसऱ्याला पुसून टाकतो, आणि एएमवर निदान एक शिट्टी ऐकू येते, म्हणजे कुणीतरी गिळला गेलाय हे कळतं. आपल्या टीव्हीवरच्या चर्चा एएमवर घेतल्या पाहिजेत, असं मला फार दिवस वाटतं.

हीथ्रोच्या धावपट्टीला लागून मर्टल ॲव्हेन्यू नावाचा हिरवळीचा तुकडा आहे. तिथे डोक्यावरून गेलेल्या विमानाची शेपटी वाचता येते. माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, थर्मास उघडतात, आणि कुणाकुणाच्या कानात एक वायर असते. वायरीतून काय येतं, ते विचारायचं नाही. कारण ब्रिटिश कायद्यानुसार सर्वसामान्यांसाठी असलेली प्रसारणं, हॅम मंडळी, हवामान आणि दिशादर्शनाचे संदेश, अशाच गोष्टी ऐकायला परवानगी आहे. वैमानिक आणि नियंत्रकाचं बोलणं त्यात बसत नाही. यंत्र विकणं कायदेशीर, घेणं कायदेशीर, चालू करणं कायदेशीर. नको तिथे कान देणं बेकायदेशीर. ब्रिटिश कायदा आणि ब्रिटिश सासू यांना हे एकदम जमतं.

अमेरिकेनं वेगळी युक्ती केली. जुन्या ॲनालॉग मोबाइलचं बोलणं ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास कुणालाही ऐकू येई, म्हणून १९९४ पासून तो पट्टा ऐकणारे स्कॅनर बनवण्या-आणण्यावर बंदी आली. बाजारात आधीच असलेल्या यंत्रांचं काय? त्याचं उत्तर १९९६ च्या डिसेंबरात मिळालं. काँग्रेसमन जॉन बेनर फ्लोरिडात वॉफल हाउसच्या आवारात गाडी थांबवून मोबाइलवर सभापती न्यूट गिंगरिच आणि इतर नेत्यांशी खलबतं करत होते. जवळून जाणाऱ्या एका जोडप्याच्या स्कॅनरवर ती आली. त्यांनी टेप केली, ती फिरत फिरत वर्तमानपत्रात पोचली, जोडप्याला प्रत्येकी ५०० डॉलर दंड झाला आणि बेनर पुढे कोर्टात अनेक वर्षं भांडत राहिले. ते ॲनालॉग मोबाइल अमेरिकेत २००८ मध्ये बंद पडले. पण तिथल्या सामान्य ग्राहकाला मिळणाऱ्या आर८६०० मध्ये तेवढा पट्टा आजही कुलूपबंदच असतो. ऐकण्यासारखं आत काही उरलेलं नाही. कुलूप मात्र चोख.

आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे १९३३ चा कायदा असा होता, की साधा रेडिओ बाळगायलाही परवाना लागे. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, परवान्याच्या पुस्तकावर तिकिटं लावून घ्यायची आणि मगच अमीन सयानींची बिनाका गीतमाला ऐकायची. तपासनीस गल्लीत आल्याची कुणकुण लागली की बिनपरवान्याचे रेडिओ पलंगाखाली जात. आपल्या अनेक प्रतिष्ठित घराण्यांची गुन्हेगारी अमीन सयानींपासून सुरू झालेली आहे.

आणि १९४२ मध्ये ऐकणं हा थेट जोखमीचा मामला होता. मुंबईतून उषा मेहता आणि त्यांचे सहकारी काँग्रेस रेडिओ चालवत होते, जागा बदलत बदलत, ४२.३४ मीटरवर. त्यांना ऐकणारे दोन प्रकारचे होते: देशभक्त आणि पोलिस. दोघंही तितक्याच एकाग्रतेनं ऐकत. पोलिसांनी तर भाषणं शब्दन् शब्द टिपून ठेवली. नोव्हेंबरात केंद्र पकडलं गेलं. ती लहर आज हॅम लोकांच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यात पडते. तिथे आता ‘तुमचा आवाज इथे छान येतोय’ चालतं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, हे सगळं रिकामटेकडेपण झालं. तसं म्हणणाऱ्यांसाठी कानसेनांच्या पोतडीत तीन गोष्टी कायम तयार असतात.

पहिली दुसऱ्या महायुद्धातली. ब्रिटनच्या गुप्तचर खात्याला शत्रूचे अगदी क्षीण मोर्स संदेश टिपणारे कान हवे होते. त्यांनी हॅम आणि रेडिओवेड्यांनाच गाठलं. सुमारे दीड हजार हौशी लोक रात्ररात्र आपापल्या घरात बसून पाच-पाच अक्षरांचे अर्थहीन पुंजके कागदावर उतरवत आणि पाकिटं ‘पोस्ट बॉक्स २५, बार्नेट’ या पत्त्यावर पाठवत. त्यांना अर्थ माहीत नव्हता आणि विचारायची सोय नव्हती. बहुतांश संदेश जर्मन हेरखात्याचे होते, आणि त्यांचं कोडं ब्लेचली पार्कमध्ये सुटलं. बझर ऐकणाऱ्याचा पूर्वज हाच. फरक एवढाच, की तेव्हा घरच्यांना सांगायला बंदी होती. आता घरचे ऐकत नाहीत.

दुसरी गोष्ट इंग्लंडातल्या केटरिंगच्या शाळेतली. तिथले भौतिकशास्त्राचे शिक्षक जेफ्री पेरी आणि त्यांचे विद्यार्थी शॉर्टवेव्ह रिसीव्हरवर सोव्हिएत उपग्रह ऐकून नोंदी ठेवत. १९६६ मध्ये कॉसमॉस ११२ आणि त्याच्या मागून सुटलेल्या उपग्रहांच्या कक्षा जुळेनात, तेव्हा हिशेब मांडता मांडता त्यांच्या लक्षात आलं, की सोव्हिएत संघानं एक नवंच प्रक्षेपण केंद्र सुरू केलंय: प्लेसेत्स्क. पोरांनी ते जगाला सांगितलं. सोव्हिएत सरकारनं अधिकृतपणे कबूल करायला १९८३ उजाडलं. आमच्या भौतिकशास्त्राच्या तासाला दोलकाचे झोके मोजायचे, तेही मधली सुट्टी झाली की अर्धे राहायचे.

तिसरी अलीकडची. नासाचा इमेज नावाचा उपग्रह २००५ च्या डिसेंबरात मुका झाला. सगळ्यांनी आशा सोडली. २०१८ च्या जानेवारीत कॅनडातले स्कॉट टिली हे हौशी गृहस्थ, भलताच एक गुप्त उपग्रह शोधत असताना, या मेलेल्या उपग्रहाचा आवाज ऐकून बसले. त्यांनी नासाला कळवलं. नासानं तपासून सांगितलं, खरंच तोच आहे. बारा वर्षांनी कुणीतरी हाक ऐकली. ऐकणारा काहीच बोलला नव्हता, म्हणून ऐकू आली.

आपल्याकडे याच जातीचं सगळ्यात मोठं घर नारायणगावजवळ खोडदला आहे. जीएमआरटी: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या. जागा निवडताना माणसांनी केलेली रेडिओ खरखर तिथे कमी आहे, हे एक कारण होतं. म्हणजे माझ्या मित्राची देवघराची अडचण शास्त्रज्ञांनाही होती, त्यांनी फक्त फेराइटऐवजी डोंगर वापरले. या ३० तबकड्याही कुणाला काही पाठवत नाहीत. नुसत्या ऐकतात. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याच्या लहानशा प्रक्षेपकाचा ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा क्षीण सिग्नल खोडदला येत होता, आणि उतरायच्या नियोजित वेळेच्या पन्नासेक सेकंद आधी तो थांबला. यान आदळलं होतं. जगाला सगळ्यात आधी काही कळलं ते जुन्नर तालुक्यातल्या कानांमुळे.

तर घरात असा कुणी कानसेन असेल, तर त्याला बरं करायच्या भानगडीत पडू नका. त्याच्या खोलीतला दिवा साध्या पिवळ्या बल्बचा ठेवा आणि जेवणाची वेळ यूटीसीत सांगा. तुम्हाला स्वतःलाच लागण होतेय असं वाटलं, तर लगेच दोन लाखांना हात घालू नका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातला वेबएसडीआर कुणालाही इंटरनेटवरून फुकट चाक फिरवू देतो. रात्री तासभर बसा, बझर सापडला आणि तरीही झोप आली नाही, तर मग पैशांचं बघा. आणि जे ऐकाल ते कुणाला सांगत बसू नका. अनेक देशांच्या कायद्याला ते चालत नाही, आणि घरच्यांना तर त्याहून नाही.